आयआर-१ व्हिसा: दोन वर्षांचा अनुभव आणि जन्मदाखल्यातला तो रिकामा रकाना

आयआर-१ म्हणजे अमेरिकन नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला मिळणारा कायम वास्तव्याचा व्हिसा. त्यावर मिळालेलं ग्रीन कार्ड हातात येऊन बरेच महिने झाले. लिहायचं टाळत होते, कारण लिहायला बसलं की राग यायचा आणि रागात लिहिलेलं कुणाच्या उपयोगी पडत नाही. गेल्या आठवड्यात मामेबहिणीचा फोन आला. माझ्या नवऱ्यासारखाच तिचा नवराही अमेरिकन नागरिक आहे आणि कागदपत्रांसाठी दोघं एका सल्लागाराला पैसे भरणार होते. तिच्याशी दीड तास बोलले, फोन ठेवला आणि ठरवलं की आता लिहूनच काढायचं. आय-१३० म्हणजे नागरिकाने जोडीदारासाठी भरायचा पहिला अर्ज आणि एनव्हीसी म्हणजे पुढची कागदपत्रं तपासणारं अमेरिकेचं व्हिसा केंद्र, याहून जास्त सांगत बसत नाही. जे या रांगेत उभे आहेत त्यांना ते पाठ असतं.

आमचं लग्न जानेवारी २०२३ मध्ये झालं आणि अर्ज मार्चमध्ये भरला. तेव्हा आय-१३० ची फी ५३५ डॉलर होती. १ एप्रिल २०२४ पासून ती ऑनलाइन ६२५ आणि कागदी अर्जाला ६७५ झाली. पुढे व्हिसा फी ३२५, हमीपत्राचे १२० आणि व्हिसा मिळाल्यावर कार्डासाठी २३५. म्हणजे सरकारी फी धरून आमचे १,२१५ डॉलर गेले. वैद्यकीय तपासणी, विमानाचं तिकीट आणि पासपोर्ट सेवा केंद्रातल्या पीसीसीचे, म्हणजे पोलिसांच्या दाखल्याचे, ५०० रुपये वेगळे. प्रत्येक खर्च मी वहीत टिपून ठेवला होता, आणि त्या वहीत वाया गेलेली रक्कम एकच आहे: सल्लागाराची फी.

आता त्या रकान्याबद्दल. माझा जन्म १९९३ चा. जन्म २१ दिवसांच्या आत कळवायचा असतो. माझी नोंद रुग्णालयाने बारशाच्या आधीच पाठवली. तारीख, लिंग, आईचं नाव, वडिलांचं नाव, सगळं बरोबर. बाळाच्या नावाच्या जागी आडवी रेघ. यात बेकायदा काही नाही. १९६९ च्या कायद्यात कलम १४ आहेच, नावाशिवाय नोंद करायची आणि नाव मागाहून घालायचं. घालायचं कोणी? आई-बाबा परत गेलेच नाहीत. शाळेत अडलं नाही, नोकरीत अडलं नाही. २०१८ साली पासपोर्ट काढला तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला पुरला. एकतीस वर्षं ती रेघ कुणाच्या डोळ्यांत आली नाही.

सल्लागाराला मी तो दाखला पहिल्याच भेटीत दाखवला होता आणि नाव नाही हे बोट ठेवून सांगितलं होतं. उत्तर मिळालं, "असे दाखले रोज जातात, आई-वडिलांचं अ‍ॅफिडेव्हिट जोडा, काम होतं." आम्ही जोडलं. २०२४ च्या उन्हाळ्यात एनव्हीसीकडे कागद अपलोड केले, बाकी सगळे स्वीकारले गेले आणि जन्मदाखला परत आला. तेव्हा मी स्वतः नियम वाचायला बसले. मूळ नोंदच सापडत नसेल तर तसं कार्यालयाचं पत्र घ्यायचं आणि त्याच्या जोडीला अ‍ॅफिडेव्हिट द्यायचं, असा तो मार्ग आहे. माझी नोंद तर होती, फक्त अपुरी होती. अपुरी नोंद पुरी करून घेणं एवढाच उपाय होता, आणि तो लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही करता आला असता. सल्लागाराला फोन केला तर म्हणे, अ‍ॅफिडेव्हिट नव्याने करू, त्याचे वेगळे पैसे. मी दिलेले पैसे परत मागितले, लेखी मागितले, तीनदा मागितले. एक रुपया मिळाला नाही.

मग बाबांच्या खेपा सुरू झाल्या. चौसष्टाव्या वर्षी ते जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीसमोर उभे राहिले, कारण नाव घालण्याचा अर्ज पालकांनी करायचा असतो. पहिल्या खेपेला संगणकात नोंद दिसेना. दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला सांगितलं, इतकी जुनी नोंद आहे, नाव आता कशाला घालता. बाबा घरी येऊन काही बोलले नाहीत, नुसते पंख्याखाली बसून राहिले. चौथ्या खेपेला खिडकीत एक नवीन बाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला, आत जाऊन जुनं रजिस्टर काढलं आणि पान सापडेपर्यंत स्वतः उलटत राहिल्या. दाखला छापण्याआधी बाबांना इंग्रजी स्पेलिंग वाचून दाखवायला लावलं. बाबा माझ्या पासपोर्टचा फोटो फोनवर धरून एकेक अक्षर वाचत होते आणि मी इकडून व्हिडिओ कॉलवर ऐकत होते. माझ्या जन्माच्या नोंदीत माझं नाव मी एकतिसाव्या वर्षी लिहिलं जाताना पाहिलं. त्या बाईंचं नाव मला माहीत नाही. माहीत असतं तर इथे लिहिलं असतं.

या सगळ्यात सुमारे चार महिने गेले. मुलाखतीची तारीख फेब्रुवारी २०२५ ची आली.

इथे माझं मत पहिल्यांदा बदललं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत अमेरिकेत शिरलात तर सीआर-१, म्हणजे दोन वर्षांचं सशर्त कार्ड. मग ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे अट काढण्याचा अर्ज, भरायचा, त्याची फी ७५० डॉलर, आणि लग्न खरं आहे हे पुन्हा एकदा सिद्ध करायचं. दोन वर्षं उलटून गेली असतील तर आयआर-१, थेट दहा वर्षांचं कार्ड. आमची दोन वर्षं जानेवारीतच पूर्ण झाली होती. चार महिने वाया गेले म्हणून मी रडत होते आणि त्यांनीच ७५० डॉलर आणि कागदांची एक अख्खी फेरी वाचवली, असा हिशोब मी नवऱ्याला मोठ्या आनंदाने करून दाखवला.

तो हिशोब चुकीचा होता, हे अमेरिकेत आल्यावर कळलं. कार्ड कुठलं ते ठरतं प्रवेशाच्या दिवशी लग्नाला किती काळ झालाय यावरून. मुलाखतीच्या तारखेचा त्याच्याशी संबंध नाही. व्हिसा साधारण सहा महिने चालतो, वैद्यकीय तपासणीची मुदत आधी संपत असेल तर तेवढाच. म्हणजे दाखला पहिल्याच फटक्यात पास झाला असता आणि व्हिसा नोव्हेंबरात मिळाला असता, तरी जानेवारीतला लग्नाचा वाढदिवस उलटल्यावर विमान पकडून मी आयआर-१ म्हणूनच उतरले असते. शिवाय कधी निघायचं हे आम्ही ठरवलं असतं: पैसे वाचवायचे की लगेच जायचं. उशिराने आम्हाला काही दिलं नाही, निवड तेवढी काढून घेतली. आणि खरं सांगायचं तर मी नोव्हेंबरातच निघाले असते. ७५० डॉलर नवऱ्यापासून दोन महिने लांब राहण्याइतके मोठे नाहीत.

मुलाखतीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात सकाळची वेळ होती, मी फोटो, तिकिटं, कॉलच्या याद्या अशी जाडजूड फाइल नेली होती. ओळख कशी झाली, नवरा शेवटचा कधी येऊन गेला, लग्नाला त्याच्याकडचं कोण आलं होतं, एवढंच विचारलं. जन्मदाखला मात्र उचलून पाहिला. नाव असलेला.

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली आय-८६४, म्हणजे नवऱ्याचं हमीपत्र. याला लोक नवऱ्याच्या पगाराचा कागद समजतात. दोघांच्या घरासाठी २०२४ च्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के, म्हणजे वर्षाला २५,५५० डॉलर उत्पन्न तेव्हा दाखवावं लागायचं, आणि तेवढ्यावर विषय संपतो असं वाटतं. पण तो करार आहे. पत्नी नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या कामाच्या ४० तिमाह्या भरेपर्यंत तो चालतो, आणि घटस्फोट झाला तरी सुटत नाही. आम्ही दोघांनी एका संध्याकाळी तो शेवटपर्यंत वाचला आणि मग त्याने सही केली. दुसरी गोष्ट नावाची. लग्नानंतर मी नाव बदललं नव्हतं. पासपोर्टवर माझं, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. या प्रक्रियेपुरता तरी तो निर्णय फार सोयीचा ठरला, कारण जुळवायच्या कागदांची संख्या निम्म्यावर आली.

आनंदाचीही एक गोष्ट आहे. डीएस-२६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात सोशल सिक्युरिटी कार्ड (नोकरीसाठी लागणाऱ्या क्रमांकाचं) हवं का असा प्रश्न असतो, तिथे 'हो' म्हणा. मला कुठल्याही कार्यालयात जावं लागलं नाही, कार्ड टपालाने घरी आलं. आणि विमानतळावर शिक्का बसला की पासपोर्टमधला व्हिसाच एक वर्षापर्यंत ग्रीन कार्डासारखा चालतो. मूळ कार्ड यायच्या आधीच मी कामाला लागले होते. दोन वर्षं ज्या प्रक्रियेला नावं ठेवली, तिचा हा शेवटचा भाग इतका सरळ गेला की मला त्या पहिल्या महिन्यात रोज आश्चर्य वाटायचं.

फॉर्म दोघांनी बसून भरता येतात. भाषा सोपी आहे, सूचना लांबलचक असल्या तरी स्पष्ट आहेत. पूर्वीची व्हिसा-नामंजुरी, गुन्हा, आधीचं लग्न असं काही गुंतागुंतीचं असेल तर परवानाधारक वकील करा. साध्या सरळ प्रकरणाला सल्लागार लावू नका, आणि लावलाच तर त्याने दिलेलं प्रत्येक उत्तर मूळ नियमाशी ताडून पाहा. मी ते एका संध्याकाळी करू शकले असते.

मामेबहिणीला मी सगळ्यात आधी जन्मदाखल्याचा फोटो पाठवायला सांगितला. नाव आहे. पण इंग्रजीत शेवटी एकच 'ए' आहे आणि पासपोर्टवर दोन. सल्लागाराकडची सोमवारची भेट तिने रद्द केली आहे. त्या दिवशी मामा दाखल्याची प्रत घेऊन नोंदणी कार्यालयात जातील. मी त्यांना सांगितलंय की संगणकात सापडत नाही म्हणाले तर जुनं रजिस्टर काढायला सांगा.