भिया, ड्राइव डेड नव्हती: हॉट-स्वॅप रॅक, दोन महिन्यांनंतर

लग्नाच्या शूटिंगच्या सोळा हार्ड डिस्क इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या खोलीत कपाटात रचून ठेवल्यात. कुणाचा तरी फोन येतोच, "काका, 2019 चं साखरपुड्याचं फुटेज सापडेल का?" मग पीसी बंद करा, कव्हर काढा, केबल बदला. कंटाळून आर.एन.टी. मार्गावरच्या एका दुकानातून पीसीच्या 5.25 इंची खाचेत बसणारा साटा (हार्ड डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) हॉट-स्वॅप रॅक आणला, म्हणजे पीसी चालू असतानाच डिस्क बदलता यावी. ट्रे नाही, दार उघडून डिस्क आत सरकवायची.

पहिल्या संध्याकाळी चालू पीसीत जुनी 4 टीबी घातली. डिस्क घरघरली, पण विंडोजमध्ये काहीच नाही. रीस्टार्ट केल्यावर दिसली. मग हॉट-स्वॅप कसलं?

भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा. म्हणाला, "मामा, कडी वाजतेय, पण घरात ऐकणारं कोणी नाही." वीज मिळताच डिस्क पीसीच्या पोर्टाकडे कॉमइनिट, म्हणजे 'मी आले' असा इशारा पाठवते. पोर्ट कॉमरीसेट या इशाऱ्याने उत्तर देतो, मग दोघांकडून कॉमवेक हा पुढचा इशारा, आणि त्यानंतर वेग ठरतो. गंमत म्हणजे कॉमइनिट आणि कॉमरीसेट तारेवर हुबेहूब सारखे: छोट्या स्फुरणांचे गट, मध्ये 320 नॅनोसेकंदांची शांतता. कडी तीच, फक्त कुठल्या बाजूने वाजली एवढाच फरक. माझ्या बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) त्या पोर्टाचं हॉट-प्लग, म्हणजे ही कडी ऐकण्याची सोय, बंद होतं. ते चालू केलं आणि डिस्क आपोआप दिसू लागली. रॅकबरोबरच्या कागदावर याबद्दल एक अक्षर नाही.

खरा ताप पुढेच होता. यूएसबी डब्यातून काढलेली 8 टीबी डिस्क रॅकमध्ये फिरेचना. दुकानदार म्हणाला, "भिया, ड्राइव ही डेड है." घरी येऊन तीच पुन्हा डब्यात घातली, तर मजेत चालली.

दोष पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनेचा. पूर्वी तिथे 3.3 व्होल्ट यायचे. 2016 च्या साटाच्या 3.3 या आवृत्तीपासून तीच पिन डिस्कची वीज तोडायला वापरता येते, म्हणजे डेटा सेंटरमध्ये अडकलेली डिस्क हात न लावता बंद-चालू करता यावी. माझा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग) जुन्या रिवाजाने तिथे 3.3 व्होल्ट देतो, रॅक ते सरळ पुढे ढकलतो, आणि डिस्कला वाटतं, मालकाने बंद राहायला सांगितलंय. बिचारी आज्ञाधारक! अशी डिस्क कॉमइनिट तरी कुठून पाठवणार?

मग रॅकला मोलेक्स-टू-साटा केबलने, म्हणजे एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरवरून, वीज दिली. मोलेक्समध्ये 5 आणि 12 व्होल्टच असतात, त्यामुळे डिस्क लगेच फिरली. (साच्यात ओतलेल्या कनेक्टरची स्वस्त केबल घेऊ नका, ती आतून जळू शकते. क्रिम्प केलेली, म्हणजे तारा पिनांत दाबून बसवलेली घ्या.)

बाकी रॅकचं कनेक्टर घट्ट, दार मजबूत. पंखा मात्र डासासारखा कानाशी गुणगुणतो, मी काढून टाकला. त्यामुळे लांब कॉपी चालू असताना दार उघडं ठेवतो. सोबत आलेली डेटा केबल क्लिप नसलेली होती. लिनक्सच्या लॉगमध्ये दर थोड्या वेळाने 'हार्ड रीसेटिंग लिंक' (डिस्कची जोडणी पुन्हा जुळवतोय) यायचं. क्लिपवाली आखूड केबल लावली, त्यानंतर आलेलं नाही. डिस्क काढताना आधी 'इजेक्ट', मग तबकड्या थांबेपर्यंत धीर.

मागच्या आठवड्यात ती 'डेड' डिस्क चालू अवस्थेत दुकानात नेऊन दाखवली. त्याने तिसऱ्या पिनेचा फोटो काढून घेतला. मोलेक्स केबलचे पैसे मात्र पूर्ण घेतले.