क्रुसेडर किंग्ज ३, आठ महिन्यांनंतर: मांडलिक राजाचे असतात, राज्याचे नसतात

क्रुसेडर किंग्ज ३ हा मध्ययुगीन राजघराणं पिढ्यानपिढ्या चालवायचा कॉम्प्युटर गेम. मागे एकदा त्यात माझं इंग्लंड दोन रात्रींत फुटलं, म्हणून लिहायला बसलो. गेम आठ महिन्यांपूर्वी सेलमध्ये घेतला, तोही फक्त मूळ. डीएलसी, म्हणजे वेगळ्या विकत घ्यायच्या पुरवण्या, एकही नाही; सगळ्यांची बेरीज मूळ गेमच्या कितीतरी वर जाते आणि तेवढे पैसे घालायची माझी तयारी नाही. नकाशा, लढाया, ग्राफिक्स यांवर भरपूर लिहिलं गेलंय. मला बोलायचंय ते मांडलिकांच्या निष्ठेवर.

१०६६ ची सुरुवात, उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा विल्यम. इंग्लंड जिंकलं आणि पुढची वीसेक वर्षं मी फक्त सरदार सांभाळले. बलाढ्य मांडलिकांना काउन्सिलमध्ये, म्हणजे मंत्रिमंडळात, जागा दिल्या, त्यातल्या चॅन्सेलरला देशांतर्गत कारभारावर बसवलं, जो रुसला त्याच्यावर स्वे स्कीम, म्हणजे हळूहळू मन वळवायची मोहीम, लावली. आणि गोल्ड! जरा कोणाचं ओपिनियन, म्हणजे राजाबद्दलचं मत, घसरलं की भेट पाठव. म्हाताऱ्या विल्यमच्या शेवटच्या दहा वर्षांत मी भेटींवर नऊशेच्या आसपास गोल्ड घातलं. सगळी यादी हिरवीगार, एकही फॅक्शन, म्हणजे राजाविरुद्धचा गट, नाही.

विल्यम गेला, रॉबर्ट गादीवर आला आणि अर्धी यादी लाल झाली. आधीच्या राजाबद्दलच्या मताचा थोडा अंश नव्या राजाला मिळतो, पण 'शॉर्ट रेन'च्या, म्हणजे राजा गादीवर नवा असल्याच्या, वजाबाकीत तो कुठल्या कुठे बुडतो. वाटणीच्या कायद्याने धाकट्या भावाकडे जमीन गेलेलीच होती. त्याला राजा करायला क्लेमंट फॅक्शन, म्हणजे दुसऱ्या दावेदाराला गादीवर बसवू पाहणारा गट, उभी राहिली, गटाचं बळ माझ्या फौजेच्या वर गेलं, असंतोषाचा आकडा १०० ला पोचला आणि अल्टिमेटम आला. ज्या अर्लला मी तीनदा भेट दिली होती, तोच गटाचा म्होरक्या.

मला राग आला तो हरल्याचा नाही, त्या नऊशे गोल्डचा. ते पैसे मातीत गेले. भेटीचं बटण किती ओपिनियन वाढेल ते दाखवतं. पण राजा पासष्टीचा आहे, आज दिलेलं उद्या त्याच्याबरोबर चितेवर जाईल, हे कुठेच दिसत नाही. त्या रात्री मी दोन स्टार द्यायचे ठरवले होते.

मग खरा इतिहास वाचला. विल्यम १०८७ मध्ये वारला. नॉर्मंडी रॉबर्टला आणि इंग्लंड धाकट्या विल्यम रूफसला. १०८८ मध्ये बड्या सरदारांनी रूफसविरुद्ध बंड केलं, पुढाकार खुद्द मेलेल्या राजाचा सावत्र भाऊ, नॉर्मंडीतल्या बायोचा बिशप ओडो याचा. सरदारांच्या जमिनी इंग्लिश खाडीच्या दोन्ही तीरांवर होत्या, दोन धनी सांभाळणं कठीण, म्हणून त्यांना रॉबर्ट हवा होता. आणि या विल्यमने मरायच्या जेमतेम वर्षभर आधी, १०८६ मध्ये, सॉल्सबरीला जमीनदारांकडून निष्ठेची शपथ घेतली होती! शपथ त्याला होती. तो गेला, संपलं. गेमने माझ्याशी तेच केलं. त्याला खोट म्हणत होतो, आता म्हणत नाही. बटणाबद्दलची तक्रार मात्र कायम.

दुसऱ्या डावात खर्चाचा हिशोबच बदलला. दरारा, म्हणजे ड्रेड, राजा तरुण असेपर्यंत उत्तम; घाबरलेला सरदार फॅक्शनमध्ये जात नाही, पण हाही वारसाला मिळत नाही. लग्नं मात्र टिकाऊ. राजाच्या बहिणींपेक्षा राजाच्या मुली मोठ्या मांडलिकांच्या घरात द्यायच्या. वारस गादीवर आला की तो सरदार त्याचा सख्खा मेहुणा, लगेच अलायन्स मागता येते, आणि मित्रसंधीतला मांडलिक आपल्याविरुद्ध गटात शिरत नाही. सरंजामी करार, म्हणजे मांडलिकाने किती कर आणि फौज द्यायची ते, तोही राजाबरोबर मरत नाही. स्पायमास्टरला, म्हणजे हेरप्रमुखाला, गुपितं शोधायला लावा, हूक, म्हणजे सरदाराला दाबात धरायचं कारण, मिळाला की त्या सरदाराच्या राजीखुशीशिवाय करार बदलता येतो. मी मात्र उलटं केलं: दोन सर्वांत दांडग्या ड्यूकांचा कर स्वतःहून कमी केला. दरसाल थोडं नुकसान, पण मांडलिकाला त्याचं समाधान वर्षानुवर्षं राहतं. आणि भेटींऐवजी मेजवानी. एकाच खर्चात दहा-बारा सरदार खूश.

सगळ्यात मोठी गोष्ट मला सातव्या महिन्यात कळली, आणि ती आधी कळायला हवी होती: तिजोरी जशीच्या तशी वारसाकडे जाते. ओपिनियन जातं, दरारा जातो, गोल्ड राहतं. म्हणजे राजा साठीला आला की भेटी बंद.

सध्या कल्याणीच्या पहिल्या सोमेश्वर चालुक्यापासून खेळतोय. हा डाव मुद्दाम घेतला. याचाच मुलगा सहावा विक्रमादित्य. त्याने १०७६ मध्ये थोरल्या भावाला, दुसऱ्या सोमेश्वराला हटवून गादी घेतली, आणि त्याला साथ देणाऱ्या मांडलिकांत सेऊणदेशाचे यादवही होते. आपल्याच मुलखातली क्लेमंट फॅक्शन. माझ्या डावात दोन्ही भाऊ अजून राजकुमार आहेत, राजा थकलाय, आणि दोन सरदार पिवळ्यावर आलेत. हात शिवशिवतोय, पण एक नाणं देत नाही. तिजोरीत साडेसहाशे गोल्ड आहे. ते थोरल्याने गादीवर बसल्याच्या पहिल्या दिवशी वाटायचं, यादवांपासून सुरुवात करून.

चार स्टार. पाचवा भेटीच्या बटणासाठी कापला.