रोसेशियाचा भडका: मेट्रोनिडाझोल जेल की आयव्हरमेक्टिन क्रीम?

रोसेशियाचं, म्हणजे चेहऱ्यावर लाली आणि पुरळ आणणाऱ्या त्वचारोगाचं, निदान झालेलं आहे आणि चिठ्ठीवर या दोनपैकी काय लिहून घ्यायचं हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं आहे, अशांसाठी हे लिहितोय. निदानच झालं नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना आधी चेहरा दाखवा. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर लाली चटकन नजरेत येत नाही. चेहरा तापतो, आग होते, गालावर-नाकावर पुरळ येते, आणि ते सगळं मुरमांच्या नाहीतर उन्हाच्या ॲलर्जीच्या नावावर वर्षभर खपून जातं. एक ढोबळ खूण अशी, की मुरमांमध्ये ब्लॅकहेड असतात, रोसेशियात नसतात.

दुसरं, ही दोन्ही औषधं पुरळ आणि पुळ्यांसाठी आहेत. भडंगाचा बकाणा भरल्यावर किंवा कढत चहा घेतल्यावर पाच मिनिटांत चेहरा फुलतो, ते यातल्या कुठल्याच ट्यूबने थांबत नाही. तिथे चहा सोडायची गरज नाही, कढत प्यायचा सोडला तरी पुष्कळ फरक पडतो, कारण बहुतेक वेळा त्रास चहापत्तीपेक्षा उष्णतेचा असतो. कांदा-लसूण मसाल्याचं मात्र तसं नाही. तिखटातलं कॅप्सायसिन उष्णतेचीच चेतातंतूंची टोकं चाळवतं, त्यामुळे रस्सा गार करून खाल्ला तरी चेहरा तापायचा तो तापतोच. गालांवर कायमच्या दिसणाऱ्या बारीक शिरांनाही या औषधांचा उपयोग नाही, त्यांना लेझर लागतो. सावळ्या कातडीवर लेझरने डाग पडू शकतात, म्हणून तो हात बसलेल्या डॉक्टरांकडूनच करून घ्यावा.

आता मुद्द्याकडे. दोन्हींची थेट तुलना झालेली आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अट्रॅक्ट चाचणीत ९६२ जण होते, कालावधी १६ आठवडे. एका गटाला आयव्हरमेक्टिन १ टक्का रोज एकदा, दुसऱ्याला मेट्रोनिडाझोल ०.७५ टक्के रोज दोनदा. पहिल्या गटात पुरळ ८३ टक्क्यांनी कमी झाली, दुसऱ्यात सुमारे ७४ टक्क्यांनी. औषध थांबवल्यावर पुन्हा त्रास सुरू व्हायला आयव्हरमेक्टिनवाल्यांना मध्यकाने (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ११५ दिवस लागले, मेट्रोनिडाझोलवाल्यांना ८५. चाचणीचा खर्च आयव्हरमेक्टिन क्रीम बनवणाऱ्या गाल्डर्मा कंपनीचा होता, हेही लक्षात ठेवावं. मला स्वतःला विचाराल तर पुरळ कमी होण्यातला फरक आरशात फारसा कळत नाही. पुन्हा भडका उठायला लागणारा वेळ मात्र जाणवतो.

काम करण्याची पद्धत वेगळी आहे आणि त्यावरून पुढचं बरंच कळतं. चेहऱ्यावरच्या केसांच्या मुळाशी डेमोडेक्स नावाचे अतिसूक्ष्म किडे सगळ्यांच्याच असतात, रोसेशियात त्यांची संख्या बरीच वाढलेली सापडते. आयव्हरमेक्टिन त्यांना मारतं आणि दाहही कमी करतं. मेट्रोनिडाझोलचा भर दाह कमी करण्यावर आहे, किड्यांवर त्याचा विशेष परिणाम होत नाही. किडे मरताना आयव्हरमेक्टिनच्या पहिल्या आठवड्यात काहींची पुरळ उलट वाढते. बरेच जण इथेच ट्यूब फेकून देतात. वाढ थोडी असेल तर कळ काढावी. सूज, पाणी सुटणं किंवा सहन न होणारी आग असेल तर थांबवून डॉक्टरांना विचारावं. मेट्रोनिडाझोल या बाबतीत निवांत आहे, पहिल्या दिवसापासून बिनबोभाट काम करतं. निकालाची घाई मात्र दोन्हींत उपयोगाची नाही. चौथ्या आठवड्याच्या आसपास फरक दिसू लागतो, खरा हिशोब १२ ते १६ आठवड्यांनी.

माझा कौल ज्यावर ठरला ती गोष्ट चाचणीच्या तक्त्यात सापडणार नाही. ती म्हणजे मेट्रोनिडाझोलचा सकाळचा हात.

हे जेल पाण्यात बांधलेलं असतं. वाळलं की कातडीवर घट्ट करणाऱ्या द्रव्याचा पातळ पापुद्रा राहतो. त्यावर सनस्क्रीन चोळलं की आंघोळीत अंग घासताना निघाव्यात तशा वळ्या निघतात. सिलिकोन जास्त असलेल्या, हाताला मखमली लागणाऱ्या सनस्क्रीनखाली हे जास्त होतं. वळ्या झटकल्या की त्यांच्याबरोबर सनस्क्रीनही जातं, आणि चेहऱ्यावर राहतात ते ठिगळासारखे पांढरे पट्टे. रोसेशियात ऊन हा भडक्याचा मोठा धनी. म्हणजे सकाळी जे औषध लावलं त्यानेच दिवसभराचं संरक्षण उखडलं. सांगलीत एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, वर घाम. कुपवाडच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्याने काय करावं?

उपाय आहेत, नाही असं नाही. जेल मुगाच्या दाण्याएवढंच गालागणिक घ्यायचं, पसरवून १५ मिनिटं पूर्ण वाळू द्यायचं, मग सनस्क्रीन न चोळता बोटांच्या पेरांनी दाबत लावायचं, एकदम न लावता दोन पातळ थरांत. मॉइश्चरायझर मध्ये घालू नये, तिसरा थर आला की वळ्या हमखास. झिंक ऑक्साइडचं पातळ, हलवून ओतायचं सनस्क्रीन घट्ट क्रीमपेक्षा बरं चालतं. एवढं सगळं केलं की जमतं. रोज सकाळी, डबा भरण्याच्या आणि एसटी गाठण्याच्या घाईत जमतं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्याच्याने ते रेटलं जात नाही; आणि सकाळचा हात चुकला की ०.७५ टक्क्याचं औषध अर्ध्या मात्रेवर येतं.

इथे एक पळवाट आहे, ती सांगितली नाही तर मेट्रोनिडाझोलवर अन्याय होईल. १ टक्क्याचं जेल दिवसातून एकदाच लावायचं म्हणून अमेरिकेत मंजूर आहे. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणारं जेल पुष्कळदा १ टक्क्याचंच असतं, तरी चिठ्ठीवर सवयीने ‘दोन वेळा’ असतं. ट्यूबवरचा टक्का वाचा आणि ‘रात्री एकदाच लावलं तर चालेल का’ असं डॉक्टरांना सरळ विचारा. हो म्हणाले तर माझी मुख्य तक्रार गळून पडते आणि स्वस्तातलं औषध रास्त ठरतं. तरीही दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत जेलने गाल ओढल्यासारखे होतात. साताऱ्याकडच्या थंडीत, त्यातून महाबळेश्वर-पाचगणीच्या वाऱ्यात, हे जास्तच. आयव्हरमेक्टिन क्रीमच्या स्निग्ध आधारामुळे तो त्रास होत नाही. उलट उन्हाळ्यात तेलकट चेहऱ्याला तेच क्रीम रात्री जड वाटतं, पंखा मोठा करावा लागतो. रात्रीची चिकचिक सोसायची की सकाळच्या वळ्या, एवढीच निवड असेल तर मी रात्र घेईन, म्हणजे आयव्हरमेक्टिन.

रात्री लावायची रीत: कोमट पाण्याने, साबण नसलेल्या सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टिपून घ्या, १० ते १५ मिनिटं थांबा. ओल्या कातडीवर औषध झपाट्याने आत जातं आणि चुरचुरतं. मग वाटाण्याच्या लहान दाण्याएवढे पाच ठिपके: कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन गाल. फक्त पुळीवर टिकली लावून उपयोग नाही, सगळ्या भागावर पातळ पसरवा. डोळे, ओठ आणि नाकपुड्यांच्या आतली कड सोडा. हात धुवा. गरज वाटली तर वरून मॉइश्चरायझर. चुरचुर जास्त असेल तर क्रम उलटा करा, आधी मॉइश्चरायझर, मग औषध. या बेताने ३० ग्रॅमची ट्यूब साधारण महिनाभर पुरते. मेट्रोनिडाझोलची तेवढीच ट्यूब कितीतरी स्वस्त आणि गल्लीतल्या मेडिकलमध्येही मिळते. आयव्हरमेक्टिन क्रीमसाठी तालुक्याच्या गावी मागणी नोंदवून ठेवावी लागू शकते. चार महिन्यांचा खर्च आधीच जोडून पाहा, कारण दोन महिन्यांनी पैशापायी सोडलेलं महागडं औषध चार महिने नेमाने लावलेल्या स्वस्त औषधापेक्षा कधीच बरं नाही.

तिसरा पर्याय ॲझेलिक ॲसिड, १५ टक्के जेल, दिवसातून दोनदा. पहिले काही आठवडे चांगलंच चुरचुरतं, खाजतं. पण पुरळ गेल्यावर मागे राहणारे काळपट डाग त्याने उजळतात, आणि सावळ्या कातडीवर ते डागच लोकांना जास्त छळतात. गरोदर असणाऱ्या किंवा दिवस जाण्याच्या विचारात असणाऱ्या स्त्रियांसाठी डॉक्टर बहुधा याच्याकडेच वळतात. आयव्हरमेक्टिन तेव्हा टाळलं जातं. तिथे माझी पसंती बाजूला ठेवावी.

पुळ्या खूप असतील किंवा डोळ्यांत खुपत-चुरचुरत असेल, पापणीवर वारंवार रांजणवाडी येत असेल, तर नुसत्या ट्यूबवर भागत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी बहुधा डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. त्या भरपूर पाण्याबरोबर घ्यायच्या आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. दूध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्यांबरोबर घेतल्या तर अंगी लागत नाहीत. शिवाय त्यांनी ऊन लवकर बाधतं, म्हणजे सनस्क्रीनचा मुद्दा पुन्हा आलाच.

आणि ही सगळी तुलना ज्यांना तूर्त लागू नाही असे लोक आपल्याकडे थोडे नाहीत. ‘गोरं करणारं क्रीम’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ ट्यूबमध्ये स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनचं मिश्रण असतं. लावलं की दोन-तीन दिवसांत लाली पळते, म्हणून ते औषध वाटतं. महिनोन्‌महिने लावून सोडलं की भडका दुपटीने येतो, म्हणून पुन्हा लावलं जातं. ट्यूबवर बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असेल तर आधी तेच डॉक्टरांना सांगा. ते सोडवल्यावर पहिले काही आठवडे चेहरा पेटतोच, त्या काळात आयव्हरमेक्टिन किंवा मेट्रोनिडाझोल ‘लागू पडलं नाही’ असा निकाल देऊ नये.

भडक्याच्या दिवशी काय? व्हिटॅमिन सी, सॅलिसिलिक, रेटिनॉल, स्क्रब, सगळं बंद. गार पाण्यात भिजवून पिळलेला सुती रुमाल पाच-दहा मिनिटं; बर्फ थेट नको. हळद सांगलीची असली तरी लेप नको. बेसन-लिंबू घासणं तर नकोच: घासण्याने आणि आंबटाने आधीच बिघडलेलं कातडीचं आवरण आणखी उघडं पडतं. नेहमीची रात्रीची ट्यूब मात्र चालू ठेवावी, फार चुरचुरलं तर एक-दोन रात्री वगळावी. जास्त वेळा लावून भडका लवकर उतरत नाही.

मेडिकलमध्ये नाव सांगून ट्यूब घेताना दोन घोटाळे होतात. मेट्रोनिडाझोल मागितलं की हिरड्यांना लावायचं दातांचं जेल हाती येतं. त्यात क्लोरहेक्सिडिनही असतं, ते चेहऱ्याचं नव्हे. आयव्हरमेक्टिन मागितलं की उवांचं ०.५ टक्क्याचं लोशन नाहीतर गोळ्या दाखवतात. तुम्हाला हवं ते १ टक्क्याचं, चेहऱ्याला लावायचं क्रीम. टक्का आणि ‘क्रीम’ हा शब्द चिठ्ठीवर ठळक लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी खोक्यावर वाचा.