स्वस्तातली घडीची बोट आणि 320 किलोंचं खोटं स्टिकर

मासेमारीसाठी हवा भरायची, घडी करून गाडीत ठेवता येणारी बोट घ्यायचा विचार करत असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझ्या आणि माझ्या चुलत भावाच्या बाबतीत जे झालं त्यात पैसे तर गेलेच, पण ती बोट खोल पाण्यात नेली असती तर जिवावर बेतलं असतं. विकणाऱ्याला हे ठाऊक होतं. त्याचा पुरावा बोटीवरच होता, स्टिकरखाली झाकलेला.

आमचं गाव करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याजवळ. गळाचा नाद दोघांनाही लहानपणापासून. काठावर बसून चिलापी लागते, मोठा मासा मात्र आत, बुडालेल्या बाभळींच्या खुंटांपाशी असतो. पत्र्याची किंवा फायबरची होडी घ्यायची तर ती काठावर ठेवायला जागा हवी, राखण हवी. भाऊ नोकरीनिमित्त बार्शीला असतो, सुट्टीलाच गावी येतो. म्हणून डिकीत बसेल अशी बोट, तिला छोटी इलेक्ट्रिक मोटर आणि बॅटरी, सगळं मिळून 25,000 रुपयांच्या आत, असं आम्ही ठरवलं होतं.

मोबाइलवर जाहिरात आली: तीन माणसांची फिशिंग बोट, क्षमता 320 किलो, 0.9 मिलिमीटर जाडीचं पीव्हीसी, वजन 26 किलो, सोबत 5 एचपीची मोटर आणि 100 एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीच्या साठवणीचं माप) बॅटरी, सगळं 23,800 रुपयांत. इतर ठिकाणी नुसत्या बोटीच्याच किमती याहून जास्त ऐकल्या होत्या. फोनवरचा माणूस गोड बोलणारा. "दादा, मधले दलाल नाहीत, माल थेट बंदरातून येतो, म्हणून परवडतं." मासेमारीच्या परवान्याचं विचारलं तर म्हणाला, "बोटीबरोबर सर्टिफिकेट देतो, त्यावरच चालतं." हे धडधडीत खोटं होतं. धरणात मासे धरायचा परवाना बोट विकणारा देऊच शकत नाही. पैसे पाठवायच्या यूपीआयवर फर्मचं नाव नव्हतं, एका बाईचं नाव दिसत होतं. त्यावर उत्तर तयार होतं: अकाउंटंटचं खातं आहे, बिल फर्मच्या नावाने येईल.

बिल आलं, पैसे गेल्यावर. पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर 07 ने सुरू होणारा. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचा 27, दिल्लीचा 07. शिवाय हा नंबर 15 अक्षरांचा असतो, बिलावर होती 14. जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की फर्मचं नोंदणीतलं नाव दिसतं, त्याला पैसे लागत नाहीत. म्हणून बिल कसं असेल त्याचा नमुना आणि हा नंबर पैसे देण्याआधी मागून घ्या. खरा व्यापारी एका मिनिटात पाठवतो. त्या पत्त्यावर पुण्यातल्या आमच्या एका नातेवाइकाने जाऊन पाहिलं, तिथे झेरॉक्सचं दुकान निघालं.

बोटीचं पार्सल आलं तेव्हा खोका हातात घेताक्षणी भावाने माझ्याकडे पाहिलं. फारच हलका. कुरिअरच्या चिठ्ठीवर वजन छापलेलं होतं, खोक्यासकट 11.2 किलो. जाहिरातीत एकटी बोट 26 किलोंची होती. बोट घेणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट धरून ठेवावी: वजनात लबाडी लपत नाही. धाग्याचं अस्तर असलेलं जाड पीव्हीसी, मोटर लावायची मागची फळी, तळाच्या लाकडी पट्ट्या, हे सगळं असलेली बोट लहान असली तरी 20 किलोंच्या आसपास जातेच. पैसे देण्याआधी बांधलेला खोका काट्यावर ठेवून फोटो पाठवायला सांगा. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नका.

बोट अंगणात पसरली. चांगल्या बोटीच्या कापडात पॉलिएस्टरच्या धाग्याची जाळी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पीव्हीसीचा थर. कापलेली कड उन्हात धरली की आडवे-उभे धागे स्पष्ट दिसतात. रस्त्यावरच्या फ्लेक्सच्या बॅनरची फाटलेली कड पाहिली असेल, तसंच. आमच्या बोटीला जाळीच नव्हती, नुसती प्लास्टिकची फिल्म. दोर ओवायच्या कडीपाशी एकेरी कापडाची पट्टी होती, तिथे लेथवाल्याच्या व्हर्नियरने जाडी मोजून घेतली. 0.4 मिलिमीटर. शिवणी चिकटवलेल्या नव्हत्या, गरम दाब देऊन दोन फिल्मा नुसत्या डकवल्या होत्या. बाजूच्या नळीवर फूटपट्टीसारख्या रेघा छापल्या होत्या, हवा किती भरायची ते पाहायला. जिथे अशी पट्टी छापलेली असते तिथे सहसा प्रेशर गेज लावायची सोय नसते. गेजने मोजण्याएवढा दाब ती बोट सोसतच नाही.

दाबाचा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारा. अस्तर असलेल्या पीव्हीसी बोटीच्या बाजूच्या नळ्यांत साधारण 3 ते 3.5 पीएसआय (पीएसआय हे हवेच्या दाबाचं एकक) दाब ठेवतात, म्हणून ती माणूस उभा राहिला तरी वाकत नाही. फिल्मच्या खेळण्यातल्या बोटीत अर्धा पीएसआयसुद्धा जेमतेम असतो. हवेच्या बोटींसाठी आयएसओ 6185 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. चांगल्या बोटीच्या पाटीवर ते, जास्तीत जास्त वजन, माणसांची संख्या आणि दाब, सगळं लिहिलेलं असतं.

आमच्या बोटीवर पाटी नव्हती, स्टिकर होतं. व्हॉल्व्हच्या वर, चंदेरी रंगाचं, त्यावर इंग्रजीत तीन माणसांचं चित्र आणि 320 किलो. एका कोपऱ्याला हवेचा फुगा राहिला होता. भावाने नखाने तो कोपरा उचलला तर खाली काळी छपाई दिसली. मग हेअर ड्रायरने गरम करत हळूहळू सगळं स्टिकर काढलं. खाली फिल्मवर मूळ कारखान्याची छपाई होती: जास्तीत जास्त वजन 150 किलो, दोन मोठी माणसं, आणि त्याखाली ठळक अक्षरांत, बुडण्यापासून संरक्षण मिळत नाही, फक्त पोहता येणाऱ्यांनी वापरावी. मोटर लावू नये याचं फुली मारलेलं चित्रही होतं. हे सगळं झाकायचं म्हणूनच बरोबर त्या मापाचं स्टिकर छापून घेतलेलं होतं. किंमत वाढवून विकणं वेगळं. इथे बुडण्याचा इशारा झाकून त्यावर दुप्पट वजनाचा आकडा चिकटवला होता, आणि समोरचा माणूस त्या आकड्यावर भरवसा ठेवून आपल्या पोराला शेजारी बसवणार हे विकणाऱ्याला कळत होतं. मला सगळ्यात जास्त संताप याचा आहे.

पुराव्यासाठी म्हणून बोट एकदा पाण्यात घातली. काठावरचे भोई समाजातले एक मामा, ज्यांची हयात फुगवट्यात जाळी टाकण्यात गेली, त्यांनी बोट पाहिली आणि म्हणाले, "पोरांनो, कंबरभर पाण्याच्या पुढं न्यायची नाही. खालचा खुंट लागला तर मला पोहोचायलाबी येळ मिळायचा नाही." लाइफ जॅकेट घालून, कंबरभर पाण्यातच दोघं बसलो. तळ लगेच गुडघ्यांभोवती गोळा झाला. गार पाण्यात आतली हवा आकसते आणि बोट जरा मऊ पडते, हे चांगल्या बोटीतही होतं, वरून थोडी हवा भरली की भागतं. पण इथे मागच्या बाजूला, मोटर अडकवायची प्लास्टिकची चौकट जिथे डकवली होती, तिथून शिवण उसवायला लागली. मामांनी हात लावून दाखवलं, फेसासारखे बारीक बुडबुडे एका ओळीत येत होते. मोटर चालू करायची वेळच आली नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, आणि त्याचबरोबर बुडालेल्या बाभळीही पाण्याच्या पातळीला येतात. 0.4 मिलिमीटरची फिल्म त्या काट्यापुढे टिकत नाही. वाऱ्याचं तर विचारूच नका. मे 2024 मध्ये कुगावहून कळाशीला जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला, ते आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. ती तर मोठी, इंजिनाची बोट होती. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर इथे वारा कधी उठेल सांगता येत नाही, आणि 10 किलोंच्या हवेच्या बोटीला वल्ह्यांनी वाऱ्याविरुद्ध आणणं मजबूत माणसालाही जमत नाही.

मोटर आणि बॅटरीतही तसंच. मोटरवर 5 एचपी लिहिलेलं, चालायची 12 व्होल्टवर. एक एचपी म्हणजे 746 वॅट. म्हणजे 5 एचपीला 12 व्होल्टवर 300 अँपिअरहून जास्त करंट लागेल, आणि मोटरला जोडलेली वायर होती घरातल्या मिक्सरच्या वायरीएवढी. अशा छोट्या बोटींच्या मोटरी एचपीत मोजतच नाहीत, पाउंड थ्रस्टमध्ये, म्हणजे मोटर बोटीला किती जोराने ढकलते त्यात मोजतात. चांगली 55 पाउंडची मोटर पूर्ण वेगात 50 अँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे एक एचपीच्याही आत. बॅटरी भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली तर 9 किलो भरली. शिशाची खरी 100 एएचची बॅटरी 25 किलोंच्या पुढे जाते. लिथियमची हलकी असते, पण ही लिथियमची नव्हती, आणि त्या किमतीत ती येतही नाही. 9 किलो म्हणजे फार तर 26 एएच. पाण्याच्या मध्यावर ती संपली तर पुढचं काय ते वाऱ्याच्या हाती.

फोन केला तर आधी "व्हिडिओ पाठवा", मग "पाण्यात वापरली, वॉरंटी गेली", मग "सर, खोका उघडल्यावर रिटर्न नाही". आम्ही स्टिकरखालच्या छपाईचा फोटो पाठवल्यावर सूर एकदम बदलला. 9,000 रुपये परत देतो म्हणाला आणि एक क्यूआर कोड आला: स्कॅन करा, पिन टाका, रक्कम जमा होईल. ही दुसरी फसवणूक होती. पैसे घेण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की तुमच्याच खात्यातून पैसे जातात. भावाने तिथेच फोन ठेवला. पहिल्या फसवणुकीने चिडलेला माणूस थोडं तरी परत मिळेल या आशेने पिन टाकून मोकळा होतो, म्हणून हे विसरू नका.

तक्रारीचं सांगतो. पैसे नुकतेच गेले असतील तर वाट न पाहता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम समोरच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त असते. त्याची नोंद सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही करा. वस्तू खोटी निघाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावाला जावं लागत नाही. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची. आमची तक्रार सोलापूरच्या आयोगात गेली आहे. सोबत जोडलंय ते: जाहिरातीचे स्क्रीनशॉट, कुरिअरची चिठ्ठी, काट्यावरच्या बॅटरीचा फोटो, व्हर्नियरचा फोटो, आणि स्टिकर काढतानाचा सलग व्हिडिओ. कुरिअरची चिठ्ठी खोक्यावरून फाडून फेकू नका, तिच्यावरचं वजन आणि पाठवणाऱ्याचा पत्ता हा आमचा सगळ्यात भक्कम कागद ठरला.

कमी पैशांत बोट हवीच असेल तर जुनी, पण अस्तराच्या पीव्हीसीची बघा, आणि ती प्रत्यक्ष जाऊन बघा. फुगवून शिवणींवर आणि व्हॉल्व्हभोवती साबणाचं पाणी फिरवा, रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी जरा मऊ लागली तर चालेल, बाजू घडी पडून बसली तर घेऊ नका. मागची फळी हाताने हलवून बघा. मोटर नंतरही घेता येते. वल्ही, लाइफ जॅकेट आणि पंप यांत मात्र काटकसर करू नका. आम्ही आता मामांच्याच ओळखीने एक लहान फायबरची होडी दोघांत भाड्याने घेतो, राखण तेच करतात.

त्या विक्रेत्याचा जुना नंबर बंद आहे. पण तेच फोटो, निळं पाणी आणि मागे पाइनची झाडं, नव्या नावाने पुन्हा जाहिरातीत येऊ लागले आहेत आणि क्षमता आता 450 किलो लिहिली आहे. तुम्हाला ती दिसली तर पैसे पाठवू नका. स्क्रीनशॉट काढा, नंबर आणि यूपीआयवर दिसणारं नाव लिहून ठेवा आणि 1930 वर कळवा.