आयएफसीचं काम ह्या सल्लागार फर्मकडून करून घेतलं, त्याचा अनुभव (5 पैकी 4 स्टार)

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत अकाउंट्स बघतो. यंदा ह्यांच्याकडून इंटर्नल फायनान्शियल कंट्रोल, म्हणजे आयएफसी (पैसा, माल आणि हिशोबात घोळ होऊ नये म्हणून कंपनीच्या आतच लावायच्या तपासण्या), बसवून घेतलं. जरा सविस्तरच लिहितो कारण आपल्याकडं बरेच कारखानदार ही ऑडिटरला दाखवायची फाईल समजतात, आम्ही पण तेच समजत होतो.

आमचा टर्नओव्हर 50 कोटी पार झाला आणि ऑडिटर साहेब म्हणाले आता कंपनी कायद्याच्या कलम 143 खाली ह्या कंट्रोलवर वेगळं मत द्यावं लागणार. आमच्यासारख्या, कायद्याच्या व्याख्येतल्या 'स्मॉल कंपनी'त न बसणाऱ्या प्रायव्हेट कंपनीला 2017 च्या नोटिफिकेशनची सूट आहे, पण टर्नओव्हर 50 कोटींच्या आत आणि वर्षभरात बँकेबिंकेची उधारी कधीच 25 कोटींवर गेलेली नको, दोन्ही पाहिजे, शिवाय एओसी-4 (ताळेबंद सरकारकडं भरायचा फॉर्म) आणि वार्षिक रिटर्न भरलेलं पाहिजे. मग तुम्हीच करून द्या की म्हटलं तर कलम 144 आडवं येतं म्हणाले, ज्याचं ऑडिट करायचं त्याचीच सिस्टीम उभारून देता येत नाही. म्हणून आधी एका कन्सल्टंटकडून फाईल घेतली, त्यात औषधांची एक्सपायरी तपासायचा कंट्रोल निघाला, सुताच्या कारखान्यात! पैसे गेले ते गेलेच.

ह्यांची टीम आली ती पहिल्या दिवशी कॉम्प्युटरला हात न लावता गेटवर जाऊन उभी राहिली. सुताची एक गाडी आली, तिच्या मागं मागं बिलाचं पेमेंट होईपर्यंत फिरले. वजनकाट्याची पावती एक, स्टोअरची नोंद दुसरी, आणि बिल पास करताना ह्या दोन्हीकडं कुणी बघतच नव्हतं. त्याहून मोठा घोळ जॉबवर्कचा, म्हणजे बाहेरून करून घ्यायच्या कामाचा. सूत बाहेर लूमवाल्यांकडं जातं, डाईंगला म्हणजे रंगवायला जातं, माल पाठवल्याचं चलन निघतं, पण परत किती आलं, वेस्ट किती गेलं हे स्टोअरच्या मामांच्या वहीत. म्हणजे आमच्या बॅलन्सशीटमधला निम्माअर्धा स्टॉक त्या वहीवर उभा! आता दर महिन्याला प्रत्येक लूमवाल्याकडून शिल्लक सुताचा आकडा सही करून येतो.

बँकेत पेमेंट मीच टाकत होतो आणि मालकांचा अप्रूव्हलचा पासवर्ड पण माझ्याकडंच. ते बंद केलं तेव्हा मला लागलं, खरं सांगतो. पण ह्यांच्या टीममधल्या मॅडम म्हणाल्या, उद्या काही कमी आलं तर पहिलं नाव तुमचंच येणार, हे तुमच्यासाठी करतोय. पटलं.

टॅली ह्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधला एडिट लॉग, म्हणजे कुठली एन्ट्री कधी बदलली त्याची नोंद, 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना बंधनकारक आहे, तो बंद करता येत नाही, हे माहीत होतं. पण बदललेल्या एन्ट्र्या दर महिन्याला काढून मालकांची सही घ्यायची, ही सवय ह्यांनी लावली.

एक स्टार कापला त्याची कारणं. स्टॉक मोजायची तारीख ठेवली नेमकी जानेवारीतल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, निम्मे लूम बंद, माणसं होम मैदानावर, दोन दिवस वाया गेले. आणि सगळ्या प्रोसेसचे कागद इंग्रजीत, मामांना काय कळणार त्यातलं? मागितल्यावर मराठीत दिले पण पंधरा दिवसांनी. पुढच्या जानेवारीत तारीख ठरवताना आधी आम्हाला विचारा आणि स्टोअरचा कागद पहिल्यापासून मराठीतच काढा, बाकी काम परत तुमच्याकडंच देणार आहोत.