शिरवळजवळचे गॅरेज : जुन्या टाटा १६१३ ट्रकच्या ब्रेकच्या हवेच्या दिव्याचा नेमका तपास

लोणंदच्या बाजारातून कांदा भरून वाशीला जाणारी आमची टाटा १६१३ ही सहाचाकी गाडी २००६ सालची आहे. तिचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. गेल्या पावसाळ्यात बोरघाट उतरताना हा दाब कमी पडल्याचे सांगणारा लाल दिवा लागू लागला, सोबत बझरही वाजे, आणि गाडी खाली सपाटीला आली की थोड्या वेळाने दोन्ही बंद होत. पहिल्या गॅरेजने हा दिवा लावणारा दाबाचा स्विच बदलला. दिवा पुन्हा लागला, तेव्हा तिथल्या वायरमनने स्विचची वायरच काढून ठेवली आणि काम झाल्याचे सांगितले. भरल्या गाडीच्या बाबतीत असे करणे हा माझ्या मते अक्षम्य निष्काळजीपणा आहे.

त्यानंतर गाडी शिरवळच्या पुढे महामार्गालगत असलेल्या एका छोट्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रींनी सर्वप्रथम ती वायर जोडली, टाक्यांतली सगळी हवा सोडली आणि नुसती चावी फिरवली. दिवा लागला. टाकी रिकामी असताना हा दिवा लागलाच पाहिजे, तो लागत नसेल तर वायरिंग किंवा बल्ब आधी पाहावा, हे त्यांनी माझ्या मुलालाही नीट समजावून सांगितले. मग टाकीला दाब मोजणारे स्वतःचे वेगळे गेज लावून इंजिन चालू केले. हवा पाच किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) पुढे जाताच दिवा विझला आणि गाडीचा काटाही त्यांच्या गेजशी जुळला. म्हणजे दिवा, स्विच आणि काटा तिघेही खरे बोलत होते. घाटात हवा खरोखरच कमी पडत होती.

पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. हवा आठ किलोपर्यंत भरल्यावर त्यांनी चाकांना ठोकळे लावले, इंजिन बंद केले आणि दहा मिनिटे गेजकडे पाहत उभे राहिले. काटा हलला नाही. मग मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगितले, आणि काटा डोळ्यांदेखत खाली येऊ लागला. पाय काढला की काटा जागेवर थांबे. गळती टाक्यांत किंवा तिथून ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंतच्या लाइनमध्ये असती तर ब्रेक न दाबताही हवा उतरली असती. तेव्हा दोष ब्रेकच्या व्हॉल्व्हपासून पुढे चाकांकडे आहे, हे एकही नट न उघडता निश्चित झाले. साबणाचे पाणी घेऊन ते गाडीखाली गेले. मागच्या डाव्या ब्रेक चेंबरच्या, म्हणजे हवेच्या जोरावर चाकाचा ब्रेक लावणाऱ्या डब्याच्या, भोकातून मोठमोठे बुडबुडे निघत होते. चेंबर उघडण्यापूर्वी त्यांनी मागचा बोल्ट कसून आतली जबर ताकदीची स्प्रिंग बांधून घेतली. ही स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव जाऊ शकतो, त्यामुळे ज्या गॅरेजमध्ये ही खबरदारी घेतली जात नाही तिथे मी गाडी उभी करणार नाही. आतला डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, घडीवर बोटभर चिरला होता. घाटात वारंवार ब्रेक दाबताना प्रत्येक वेळी तिथून हवा जात होती आणि टाकीत हवा भरणाऱ्या कंप्रेसरला ती तेवढ्या वेगाने भरून काढता येत नव्हती.

मागच्या दोन्ही बाजूंचे डायफ्रॅम आणि मजुरी मिळून १,४५० रुपये झाले. जुने रबर त्यांनी पिशवीत घालून परत दिले. टाकीतले पाणी काढायच्या ड्रेन कॉकमधून पाण्याबरोबर काळे तेल आल्याने कंप्रेसरच्या रिंगा झिजल्या असाव्यात, हेही त्यांनी दाखवले, पण काम लगेच करून घेण्याचा आग्रह धरला नाही.

उणिवाही सांगणे आवश्यक आहे. जागा अरुंद असल्याने दहाचाकी गाडी आत वळत नाही, बिल हाताने लिहून मिळते आणि मिस्त्री एकटेच असल्यामुळे आम्हाला सकाळपासून दुपारी तीनपर्यंत थांबावे लागले. निघण्यापूर्वी मात्र त्यांनी ब्रेक दाबून धरण्याची तीच चाचणी पुन्हा करून दाखवली आणि काटा स्थिर राहिल्यावरच चावी हातात दिली. त्यानंतर बोरघाटातून अकरा फेऱ्या झाल्या. दिवा सकाळी गाडी सुरू करताना लागतो आणि हवा भरली की विझतो. कंप्रेसरच्या रिंगांसाठी पुढच्या महिन्याची तारीख त्यांच्याकडेच घेतली आहे.