डेबियनमधली दुरुस्ती: साल्सावर मर्ज रिक्वेस्ट की बगवर पॅच?

डेबियन या लिनक्स वितरणात नवा जीसीसी (कंपायलर) आला आणि पॅकेज बिल्डच होईना. दुरुस्ती, म्हणजे कोडमधल्या बदलाचा पॅच, तयार आहे, द्यायची कुठे?

साल्सावर, म्हणजे डेबियनच्या गिटलॅब सर्व्हरवर, मर्ज रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) टाकणं सोपं. सीआय (आपोआप होणारी तपासणी) लावलेला असेल तर बिल्ड लगेच तपासून मिळतो. पण मेंटेनरने (पॅकेज सांभाळणाऱ्याने) तिथल्या सूचना बंद ठेवल्या असतील तर रिक्वेस्ट महिनोन्‌महिने पडून राहते. काही पॅकेजं तर साल्सावर नसतातच.

बग ट्रॅकर दिसायला जुनाट, सगळा कारभार ईमेलवर. तरी आधी तोच धरावा. डेबडिफ (पॅकेजच्या जुन्या-नव्या आवृत्तीतला फरक) काढा, बगक्रमांकाच्या पत्त्यावर जोडून पाठवा आणि मजकुराच्या अगदी वर ‘कंट्रोल: टॅग्ज -१ + पॅच’ ही ओळ (अर्थात रोमन लिपीत) घाला. नेमकी हीच विसरते, मग पॅच असूनही बग ‘पॅचसहित’ यादीत येत नाही. मर्ज रिक्वेस्ट केलीच असेल तर तिचा दुवाही त्याच मेलमध्ये द्या.

बिल्ड मोडणारा बग सहसा ‘सीरियस’ दर्जाचा. तो तसाच राहिला तर पॅकेज टेस्टिंगमधून (डेबियनची पुढची आवृत्ती जिथे घडते त्या शाखेतून) बाहेर पडू शकतं, म्हणून इतर डेव्हलपरही अशा याद्या चाळतात. मेंटेनर गप्पच असेल तर त्यांच्यापैकी कुणी तुमचा पॅच एनएमयू (मेंटेनर नसलेल्याने केलेलं अपलोड) म्हणून डिलेड रांगेत टाकू शकतो; तिथे अपलोड ठरलेले दिवस थांबून मगच पुढे जातं. सात दिवसांहून जुन्या अशा बगसाठी सर्वसाधारण मुदत २ दिवसांची.